गव्हाच्या पेढीवरील बिनगव्हाचे ताट

मार्केट यार्डात तीन पिढ्या गव्हाची अडत चालविणाऱ्या एका घरातील ही हकीकत आहे. घरची नात अकरा वर्षांची. शाळेच्या प्रार्थनेत ती नेहमी सर्वांत पुढे उभी राही, कारण रांग उंचीप्रमाणे लागे. चेहरा फिका, पोट किंचित फुगलेले, आणि जेवण झाले की पोटदुखीची रोजची तक्रार. लोहाच्या गोळ्या दोन वर्षे चालू असूनही हिमोग्लोबिन आठाच्या वर चढेना. आप्तेष्टांपैकी कोणी म्हणे, अंडी द्या. कोणी म्हणे, कांदा-बटाटाही वर्ज्य असलेल्या घरात मुलांच्या अंगी बळ येणार कोठून? आईने बाजारातील माल्टची पूड दुधात घालून रोज दोन पेले देण्यास आरंभ केला. न्याहारीला साजूक तुपातील शिरा, डब्यात पोळी-भाजी, रविवारी दाल-बाटी. जे जे मायेने वाढले जात होते, तेच मुलीला आतून पोखरीत होते.

एका पोटविकारतज्ज्ञाने टीटीजी नावाची रक्तचाचणी सांगितली, नंतर दुर्बिणीने लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला, आणि निदान झाले: सिलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळताना जो चिवटपणा येतो तो त्याचाच. ज्यांच्या शरीराला हे प्रथिन मानवत नाही, त्यांची रोगप्रतिकारशक्ती त्याच्याशी लढता लढता स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म अंकुर असतात. अन्नरस शोषून घेणे हे त्यांचे काम. ते झिजून सपाट झाले की लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे सारे समोर असून अंगी लागत नाही. गोळ्यांचा उपयोग का होत नव्हता, याचा उलगडा येथे झाला. गव्हाशी असलेला हा संबंध हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात मांडला. त्यापूर्वी अशी किती मुले निदानावाचूनच खंगली असतील, कोण जाणे.

या विकारावर आजमितीस औषध नाही. पथ्य हेच औषध, आणि ते जन्मभराचे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. संशय येताच परस्पर गहू बंद करण्याची घाई अनेक जण करतात. गहू बंद केल्यावर चाचणीत दोष दिसेनासा होतो आणि निदान अधांतरी राहते. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. हा विकार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, म्हणून आईवडील व भावंडे यांचीही चाचणी करावी लागते. याउलट, वजन उतरविण्यासाठी किंवा कोणा नटीने सोडला म्हणून गहू सोडणाऱ्यांची आता एक रीतच झाली आहे. ज्यांना गहू पचतो त्यांनी तो खुशाल खावा. हौसेने पथ्य करणाऱ्यांमुळे खऱ्या रुग्णाचे पथ्यही लोकांना थेर वाटू लागते, हे त्यातले मोठे नुकसान.

या घरात पहिला अडथळा आला तो दादीजींकडून. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी पोर गव्हाविना कशी राहील? आणि दुसरे, हलक्या आवाजात सांगितलेले: बाहेर कोठे बोलू नका, उद्या पोरीचे स्थळ पाहायचे आहे. हे दुसरे म्हणणे आपल्या समाजात पुष्कळ घरांत ऐकू येते. त्याचा परिणाम असा, की लग्नकार्यात किंवा गौतम प्रसादीत मुलीने चारचौघांसारखे पानावर बसावे, "थोडेसेच खा" असे तिला सांगावे, आणि पुढचे चार दिवस तिने घरी पोट धरून पडावे.

थोडेसे म्हणजे किती, याचा हिशेब व्यापारी घराने तरी मांडून पाहावा. एका पोळीला सुमारे ३० ग्रॅम कणीक लागते. त्यात ग्लुटेन साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे २५०० मिलिग्रॅम. दिवसाला केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तरी अशा रुग्णाच्या आतड्याला इजा होऊ शकते. पोळीचा पन्नासावा भाग. एवढे पीठ तर पोलपाटाच्या कडेला सहज चिकटून राहते.

म्हणून खरी दक्षता ताटात नव्हे, ताटाच्या आधी घ्यावी लागते. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळलेली ज्वारी ही ज्वारी राहत नाही. या घरी निराळी घरघंटी आली. चाळणी, पोलपाट-लाटणे आणि परात वेगळी झाली. लाकडी काठवट कितीही घासली तरी तिच्या चिरांत कणीक राहतेच, म्हणून ती बाद केली. गव्हाच्या पुऱ्या तळलेल्या तेलात पापड तळणे थांबले. माल्टची पूड तर पहिल्याच दिवशी गेली, कारण माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेले जव. बाजारातील 'मल्टिग्रेन' आट्यात पहिले धान्य बहुधा गहूच असते. सातूच्या पिठातही गहू वा जव असतात.

सर्वांत अनपेक्षित शोध लागला तो हिंगाचा. कांदा-लसूण नसलेल्या आपल्या स्वयंपाकात हिंगावाचून फोडणी नाही, आणि बाजारातील बांधानी हिंगात डिंकाबरोबर पुष्कळदा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. वरण, कढी, खिचडी, पापड, सर्वांत तो पोहोचतो. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो. डबीवरील बारीक अक्षरे वाचावी लागतात, इतकेच. वेष्टनावर 'ग्लुटेन-फ्री' असे छापायचे असेल, तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडील नियम आहे.

तथापि ती दोन अक्षरे वाचून जैन घराने निर्धास्त होऊ नये. गव्हाचा चिवटपणा भरून काढण्यासाठी अशा पाव-बिस्किटांत बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे पीठ, यीस्ट आणि कित्येकदा अंडेही घातलेले असते. शिवाय त्यांत साखर व स्निग्धांश अधिक, चोथा कमी, आणि किंमत ज्वारी-बाजरीच्या कित्येक पट. पथ्यही सांभाळायचे आणि धर्मही, तर दुकानापेक्षा घरचे कोठार जवळचे.

आणि येथेच दादीजींचा विरोध मावळला. सुनेने सहज विचारले, मारवाडात तुमच्या लहानपणी रोज काय शिजत असे? उत्तर आले: बाजरीचा सोगरा, मुगाची मंगोडी, गट्टे, खीच, राब. गव्हाची बाटी व लापशी पाहुणा आला किंवा सण असला तरच. गहू रोजच्या ताटात आला तो पुढे, पीक वाढल्यावर आणि कुटुंब दक्षिणेत स्थिरावल्यावर. जे पथ्य घराला परके वाटत होते, ते दादीजींच्या माहेरचे रोजचे जेवण निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कोमट पाण्यात बाजरीचे पीठ मळले आणि सोगरा हातावर थापून दाखविला. सुनेचे पहिले चार सोगरे तव्यावर जाण्याआधीच मोडले.

पोषणाच्या दृष्टीने ही धान्ये गव्हाहून कमी नाहीत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. बाजरीत लोह चांगले, राजगिऱ्यात प्रथिने उत्तम. मात्र केवळ तांदळावर भार टाकला, तर पोट भरते आणि पोषण होत नाही. नवख्या घरांची चूक बहुधा हीच होते. बाजरीबरोबर लिंबू वा आवळा असावा, म्हणजे त्यातील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नसावा. आठम-चौदसला हिरवी भाजी नसेल, तेव्हा मूग, मटकी, हरभरा आणि तीळ यांनी ताट भरून काढावे. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते. पिठाची जी काळमर्यादा आपल्याकडे पाळली जाते ती येथे जिभेलाही पटते. बेसन व मुगाचे पीठ वाढले की द्विदलाचा प्रश्न येतो, म्हणून गट्ट्यांच्या भाजीचे दही आधी तापवून घ्यावे. जीवनसत्त्व ब-१२ आणि ड यांची पातळी डॉक्टरांकडून अधूनमधून तपासून घ्यावी. शाकाहारात ब-१२ तसेही काठावर असते.

आयंबिलाच्या ओळीविषयी दादीजींना चिंता होती. ती त्यांनीच सोडविली. एका धान्याच्या ओळीत अरिहंतपदाला तांदूळ, सिद्धपदाला गहू, आचार्यपदाला हरभरा, उपाध्यायपदाला मूग, साधुपदाला उडीद, आणि पुढील चारही दिवस तांदूळ. नऊ दिवसांत गव्हाचा दिवस एकच. त्या एका दिवसाचे काय करावे, हे महासतीजींना विचारून ठरविता येते. मुलीचे हिमोग्लोबिन पूर्ववत होईपर्यंत तप मात्र नाही, हे डॉक्टरांनी बजावले आणि घराने मानले.

वर्ष उलटले. मुलगी आता रांगेत तिसरी उभी राहते. गेल्या महिन्यात संघाची गौतम प्रसादी होती. आदल्या संध्याकाळी, चौविहारापूर्वी, दादीजी काठी टेकीत भोजनशाळेत गेल्या आणि महाराजाला सर्वांसमक्ष म्हणाल्या, "माझ्या नातीला गहू बाधतो. भात आणि मुगाची डाळ आधी, वेगळ्या पातेल्यात काढून ठेवा, आणि हिंग हा घ्या." पदराच्या गाठीतून त्यांनी डबी काढली. शेजारी भाजी निवडीत बसलेल्या एका बाईने डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आणि आपल्याही भाच्याला असेच काही आहे काय, हे विचारण्यासाठी ती दादीजींना बाजूला घेऊन गेली.