बूट खुंटीला आणि पाय पाचटात



गेल्या साली वळवाचे दोन पाऊस झाल्यावर माझ्या चुलतभावाला घोणस चावली. रात्री दोनला लाईट आली म्हणून मोटर चालू करून तो उसाला दारं धरायला गेला होता. पायात स्लीपर, हातात मोबाईलची बॅटरी. सरीतल्या पाचटावर पाय पडला आणि घोट्याच्या जरा वर दंश झाला. तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. लस मिळाली, पण किडनीवर परिणाम झालाच. डायलिसिस करावं लागलं. माणूस वाचला, एवढंच.

दवाखान्यात बघायला येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "अरे, बूट घालायला काय झालं होतं?"

बूट होते की. घरात खुंटीला टांगलेले, कोरे करकरीत. एका वाटपात फुकट मिळालेले. नंबर नऊ. भावाचा पाय सात नंबरचा. दोन दिवस घालून बघितले त्यानं. ओल्या सरीत पाय वर यायचा आणि बूट खालीच राहायचा. एकदा तोंडावर आपटला. तिसऱ्या दिवशी बूट खुंटीला गेले ते गेलेच.

म्हणून आज जरा भांडायला बसलोय. शेतकरी बूट घालत नाही याला सगळे एकच कारण देतात: निष्काळजीपणा. मी म्हणतो, अर्धं कारण माप आहे. पायाला न बसणारा बूट म्हणजे बूट नाहीच. बूट दिल्याचा फोटो निघतो, पाय उघडा तो उघडाच राहतो.

विषय किती मोठा आहे ते बघा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अभ्यासानं अंदाज काढला की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साधारण १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली. म्हणजे वर्षाला ५८ हजाराच्या आसपास. बहुतेक खेड्यातली. आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे आपल्या ऐन कामाच्या दिवसांतले. नाग, घोणस, फुरसं, मण्यार हे चारही आपल्याकडे आहेत. मण्यार बहुतेक वेळा घरात जमिनीवर झोपलेल्याला गाठते, तिथं बुटाचा उपयोग नाही. पण बांधावर, पाचटात, वैरणीत दंश बहुतेक पायालाच होतो. तिथं गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा जाड बूट पुष्कळ काम करतो. तो चिलखत नाही, बॅटरी आणि काठी लागतेच. पण स्लीपरच्या मानानं जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता जुनी माणसं म्हणतील, "आमचा जन्म अनवाणी गेला, चिखल पायाला कळावा लागतो." खोटं नाही. गुडघाभर चिखलात रोप लावताना बूट ओढत चालणं म्हणजे शिक्षाच. तिथं कोणी अनवाणी उतरलं तर मी नावं ठेवणार नाही. पण मग पायाला जखम, चीर, चिखल्या असतील तर त्या दिवशी चिखलात उतरू नका. उंदराच्या मुतातून येणारा लेप्टो अशाच जखमेतून अंगात शिरतो. नंतर ताप आला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, तर डॉक्टरला आधी सांगा की चिखलात काम केलंय. मात्र एका चिखलणीचं कारण सांगून रात्रीची दारं, भांगलण, पाचट कुट्टी, वैरण कापणं, फवारणी या सगळ्याला अनवाणी जायचं, हे मला पटत नाही.

तर बूट कसा घ्यायचा? दुकानात जाऊन "आठ नंबर द्या" एवढ्यावर उरकू नका.

माप संध्याकाळी घ्या. दिवसभर राबून पाय थोडा सुजलेला असतो, खरं माप तेव्हाच कळतं. जे मोजे शेतात घालणार तेच घालून कागदावर उभं राहा आणि दोन्ही पावलं आखून घ्या. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतोच, मोठ्या पायाचं माप धरा. सेंटीमीटरमध्ये लांबी लिहून तो कागद दुकानात न्या, कारण एका कंपनीचा सात दुसऱ्या कंपनीच्या सातशी जुळेलच असं नाही.

बूट घालून पाय पुढं सरकवा. टाचेमागं एक बोट जेमतेम जावं. दोन बोटं गेली तर बूट मोठा. मग पाय मागं रेटून चाला. टाच किंचित उचलली जाईल, गमबुटाला नाडी नसते. पण टाच फटक-फटक वाजायला लागली तर तो बूट चिखलात राहणार हे नक्की. चवडा दोन्ही बाजूंनी दाबला जात असेल तर "पुढं सैल होईल" या बोलण्यावर जाऊ नका. चामडं सैल होतं, पीव्हीसी होत नाही.

मग दुकानातच उकिडवं बसा. दुकानदार हसेल, हसू द्या. आपलं निम्मं काम उकिडवं बसून असतं. बुटाची कड गुडघ्यामागं किंवा पोटरीत रुतली तर दुपारपर्यंत कातडी सोलते. पोटरी आणि बूट यांच्यात दोन बोटं जावीत. त्यापेक्षा जास्त फट असली तर पाणी, खडे आणि किडे वरून आत येतात.

पाणी आत येतंय का ते घरी बघा. रिकामा बूट बादलीत घोट्याच्या वरपर्यंत दाबून धरा, आत हात घालून ओल चाचपा. चीर बहुतेक चवड्याजवळ, जिथं बूट रोज दुमडतो तिथं पडते. घामानं आतून ओला होतोच, म्हणून मोज्यांचे दोन जोड ठेवा. बूट सावलीत उलटा वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर कडक होऊन तडकतो. आणि घालण्याआधी उलटा करून आपटा. विंचू-इंगळीला ती जागा फार आवडते.

एक इशारा. साधा गमबूट शॉक लागू नये म्हणून बनवलेला नसतो. त्याच्या भरवशावर ओल्यात उभं राहून स्टार्टरच्या पेटीत हात घालू नका.

फवारणीचं वेगळं सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, हे आपण विसरलो. फवारणीला आत कापडी अस्तर नसलेला बूट घ्या, अस्तर औषध पिऊन बसतं आणि धुऊनही निघत नाही. आणि पँट बुटाच्या आत खोचू नका, बाहेर सोडा. आत खोचली तर अंगावरून ओघळलेलं औषध थेट बुटात उतरतं आणि पाय दिवसभर त्यात भिजतो.

आता बायकांचं. भांगलण कोण करतं? रोप कोण लावतं? वैरण कोण कापतं? मी मंडळींसाठी पाच नंबरचा गमबूट मागितला, तर तालुक्यातल्या तीन दुकानांत सातच्या खाली मापच नव्हतं. एक जण म्हणाला, "बायका कुठं बूट घालतात?" अहो, तुम्ही ठेवतच नाही तर घालतील कशा? शेवटी शहरातून मागवला, साडेचारशे रुपयांना. पहिले आठ दिवस शेजारणी हसल्या. बांधावर मण्यार निघाल्यावर त्यातल्या दोघींनी किंमत विचारली.

साडेचारशे जास्त वाटतात का? डीएपीची गोणी १३५० ला घेताना आपण हिशोब घालत नाही. एका गोणीत घरातल्या तिघांचे बूट येतात. आणि मजूर लावत असाल तर दोन-तीन मापांचे जोड मालकानं ठेवावेत, खुरप्याचे पैसे आपण मजुराकडून मागतो का?

या पानावर कृषी सहायक, कृषी पदवीधर मंडळी आहेत, त्यांनाही हात जोडून सांगणं आहे. फवारणीच्या पत्रकात शेवटच्या ओळीत "गमबूट वापरावा" एवढं लिहिलं की काम संपत नाही. कुठलं माप, अस्तर असलेला की नसलेला, पँट आत की बाहेर, हेही लिहा. कुठल्याही योजनेतून बूट वाटायचे असतील तर आधी गावात पावलांची मापं घ्या, मग मागणी पाठवा. चार, पाच आणि सहा नंबर त्यात असलेच पाहिजेत. आणि प्रात्यक्षिकाला येताना तुमच्याही पायात बूट असू द्या.

रात्रीची लाईट दिवसा व्हावी हे मूळ दुखणं आहे, त्यासाठी भांडतच राहू. तोवर रात्री दोनला जो दारं धरायला जातोय त्याच्या पायाला आज काहीतरी हवं.

भावाच्या खुंटीवरचे नऊ नंबर मी खाली काढले. गावात नऊ नंबरच्या पायाचा एक जण आहे, त्याला दिले, तो रोज घालतो. भावाला सात आणले. तोही घालतो, आता त्याला सांगावं लागत नाही.

या आठवड्यात घरातल्या सगळ्यांची पावलं कागदावर आखा. आईची पण. आणि तुमच्या तालुक्यात पाच नंबर मिळतो का, ते खाली लिहा.