खाली ओढा, झालं!

'एक्सेल येतं का?' असं विचारलं की आपल्याकडे बहुतेक जण 'येतं की' म्हणतात. त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो, की सेलच्या कोपऱ्यातला बारीक चौकोन माउसने पकडून फॉर्म्युला खाली ओढता येतो. शिकवणारेही तेवढंच शिकवतात. पहिल्या ओळीत लिहा, खाली ओढा, झालं! या 'झालं'बद्दल माझी तक्रार आहे. फॉर्म्युला खाली ओढणं म्हणजे हमाली नव्हे. तो पाचशे घरांना, पाच हजार पगारांना लागू होणारा नियम लिहिणं आहे. आणि आपण तो माणसांना वाचता न येता लिहायला लावतो.

साधं उदाहरण घेऊ. एका गृहनिर्माण सोसायटीच्या यादीत दर घराला एक ओळ आहे. दुसऱ्या ओळीत १०१ नंबरचं घर, तिसरीत १०२, चौथीत १०३, पाचवीत १०४. बिलाच्या शीटवर मात्र दर घराला तीन ओळी लागतात : देखभाल खर्च, सिंकिंग फंड आणि एकूण. पहिल्या घराच्या तीन ओळी नीट लिहिल्या, तिन्ही एकदम निवडल्या आणि खाली ओढल्या. दुसरं बिल कोणाचं निघतं? १०२चं नाही, १०४चं. त्यापुढचं १०७चं. अधली घरं गायब.

यात एक्सेलचं काहीच चुकलेलं नाही. तीन ओळींचा गठ्ठा तीन ओळी खाली गेला, म्हणून त्यातला प्रत्येक पत्ताही तीन ओळी खाली सरकला. फॉर्म्युल्यातला साधा पत्ता हे विशेषनाम नसतं, सर्वनाम असतं. आपल्याला तो 'ए२' दिसतो, पण ओढताना एक्सेल त्याचा अर्थ 'माझ्या डावीकडचा' किंवा 'माझ्या वरचा' असा घेतं. बोलणारा हलला की 'माझ्या शेजारचा' बदलतो, हे मराठीत लहान पोरालाही कळतं. डॉलरचं चिन्ह लावलं की सर्वनामाचं विशेषनाम होतं आणि पत्ता जागचा हलत नाही. आपल्या बिलाला या दोन्हींपेक्षा वेगळं काहीतरी हवं आहे : तीन ओळी खाली गेल्यावर यादीत एकच ओळ पुढे जा. ते सांगावं लागतं. आपल्या ओळीच्या क्रमांकातून २ वजा कर, ३ने भाग, अपूर्णांक सोडून दे, २ मिळव. यादीतली तेवढ्या क्रमांकाची ओळ आण. दुसऱ्या ओळीवर उत्तर २, पाचवीवर ३, आठवीवर ४. चौथीच्या गणितापलीकडचं यात काही नाही. पण हे माउसने ओढून सापडत नाही, विचार करून लिहावं लागतं.

व्हिजिकॅल्क हा स्प्रेडशीटचा प्रोग्राम १९७९मध्ये बाजारात आला. त्यात फॉर्म्युल्याच्या प्रती काढताना यंत्र प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारायचं : हा तसाच ठेवू, की जागेप्रमाणे बदलू? कंटाळवाणं होतं, पण नियम लिहिणाऱ्याला नियम वाचावा लागत होता. पुढे हा प्रश्न गेला. गैरसोय गेली म्हणून आपण खूश झालो, आणि तिच्याबरोबर वाचनही गेलं.

याची किंमत लाल अक्षरांत दिसत नाही, हे सगळ्यांत वाईट. थकबाकीवरच्या व्याजाचा दर एकाच सेलमध्ये आहे आणि डॉलर लावायचा राहिला, तर पहिल्या घराला व्याज लागतं. दुसरं घर त्याच्या खालच्या रिकाम्या सेलकडे बघतं. रिकामं म्हणजे शून्य, म्हणून व्याजही शून्य. कॉलम भरलेला, आकडे सुबक. एखादा फॉर्म्युला शेजाऱ्यांपेक्षा वेगळा असला तर एक्सेल हिरवा त्रिकोण दाखवतं, पण सगळे एकसारखे चुकले असतील तर त्रिकोण गप्प. शेवटी बोलणी खातो तो कारकून, ज्याला फक्त ओढायला शिकवलं होतं.

आणि हे फक्त कारकुनांचं दुखणं नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१०मध्ये कर्ज आणि आर्थिक वाढीवर एक निबंध लिहिला. सरकारी खर्चकपातीच्या बाजूने तो युरोप-अमेरिकेत खूप वापरला गेला. २०१३मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने मूळ शीट मिळवून पाहिली, तेव्हा सरासरीचा फॉर्म्युला ४९व्या ओळीऐवजी ४४व्या ओळीला संपत असल्याचं दिसलं. पाच देश बाहेर राहिले होते. निष्कर्षावरचे मोठे आक्षेप वेगळेच होते, एकूण फरकात या चुकीचा वाटा लहान, हे खरं. पण निबंध जगाने वाचला आणि फॉर्म्युला मात्र इतकी वर्षं बाहेरच्या कोणी वाचला नव्हता, हेही तितकंच खरं.

यावर दोन उत्तरं तयार असतात. पहिलं : असल्या कामाला स्प्रेडशीट नकोच, सॉफ्टवेअर घ्या. म्हणजे बचत गटाच्या सचिवाने, शाळेतल्या बाईंनी स्वतःचा हिशेब स्वतः मांडायची सोय सोडून विक्रेत्याच्या दारात उभं राहायचं. सर्वसामान्य माणसाला प्रोग्रामरला न विचारता नियम लिहू देणारं साधन हेच. ते काढून घेणं हा उपाय नव्हे. दुसरं : आता एआय फॉर्म्युला लिहून देईल. देईल की. पण १०२ नंबरचं घर गळलं आहे का, हे बघणार कोण? लिहिणारा बदलला म्हणून वाचणाऱ्याची गरज संपत नाही, उलट वाढते.

आपल्याकडे कित्ता गिरवायची पद्धत होती. गिरवताना प्रत्येक अक्षरावरून निदान हात तरी फिरायचा. इथे तोही फिरत नाही. म्हणून मागणी साधी आहे. एक्सेलच्या वर्गात ओढण्याआधी पत्त्यांचं व्याकरण शिकवा : कोणता सरकेल, कोणता थांबेल, कोणता हिशेबाने पुढे जाईल. ओढून झाल्यावर दुसरं, तिसरं आणि शेवटचं बिल हाताने पडताळल्याशिवाय काम पुरं धरू नका. आकडे झाकून नुसते फॉर्म्युले दाखवायची सोय एक्सेलमध्ये आहे. ती वापरायला लावा. आणि ज्या साहेबांना तयार शीटवर फक्त सही करायची असते, त्यांनाही याच वर्गात बसवा. सही त्यांची असते.