सातबारा कोणाच्या नावावर?

वडिलोपार्जित शेत असो वा शहरातील दोन खोल्यांची सदनिका, मराठी मध्यमवर्गीय माणूस कागदपत्रांबाबत कमालीचा दक्ष असतो. सातबाऱ्यावरील एका अक्षराच्या चुकीसाठी तो तलाठ्याच्या कचेरीत दहा खेपा घालील. हाच माणूस वाचनालयाचा किंवा शिक्षणसंस्थेचा विश्वस्त या नात्याने संकेतस्थळ काढावयास निघाला, की त्याची दक्षता कोठे लोप पावते? 'ओळखीचा एक मुलगा आहे, तो सगळे करून देतो,' एवढ्यावर विषय संपतो. मुलगा करून देतो हे खरे. पण नोंदणी कोणाच्या नावे करतो, हे कोणी विचारीत नाही.

मुळात येथे दोन भिन्न गोष्टी आहेत. डोमेन नाव म्हणजे पत्ता आणि होस्टिंग म्हणजे सामान ठेवण्याची भाड्याची जागा. जागा कधीही बदलता येते. पत्ता गेला की वर्षानुवर्षांची ओळख जाते. हा पत्ता कायमचा विकतही मिळत नाही. तो एक ते दहा वर्षांच्या मुदतीने नोंदवावा लागतो आणि नोंदणीधारक म्हणून ज्याचे नाव व ई-मेल लागले, त्याचाच शब्द चालतो. तो मुलगा उद्या परगावी गेला, किंवा देयकावरून त्याचे व संस्थेचे बिनसले, तर पन्नास वर्षांची संस्था स्वतःच्याच दारात परकी ठरते.

मुदतीचा विसर थोरामोठ्यांनाही भोवला आहे. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी 'पासपोर्ट.कॉम' या नावाचे नूतनीकरण विसरली आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांची खाती उघडेनाशी झाली. शेवटी एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने पदरचे ३५ डॉलर भरले, तेव्हा गाडे रुळावर आले. गल्लीतल्या संस्थेसाठी असा परोपकारी कोण धावून येणार?

'फेसबुकवर फुकट पान आहे, मग हा खर्च कशाला?' असा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. तो भाबडा आहे. जिओसिटीजची अमेरिकी सेवा २००९ मध्ये बंद झाली, ऑर्कुट २०१४ मध्ये मिटले, सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस २०१९ मध्ये गुंडाळले गेले. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला संसार ओसरीच्या धन्याच्या मर्जीनेच टिकतो.

दुसरा प्रश्न '.कॉम'च्या आंधळ्या मोहाचा. त्याची मूळ नोंदवही अमेरिकी कंपनीकडे आहे. म्हणजेच अमेरिकेचा कायदा तेथे पोहोचतो. स्पेनच्या न्यायालयांनी वैध ठरविलेल्या 'रोजादिरेक्ता' या संकेतस्थळाची नावे अमेरिकी शासनाने २०११ मध्ये जप्त केली. ती परत मिळण्यास २०१२ चा ऑगस्ट उजाडला. याउलट '.इन'ची व्यवस्था 'नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया' या भारतीय संस्थेकडे असून २००५ पासून ती सर्वांना खुली आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून तर देवनागरीत '.भारत' हे नावही मिळते. वाद उद्भवल्यास तो आपल्या देशात, आपल्या कायद्याने सुटावा, यात भावनेपेक्षा व्यवहार अधिक आहे.

करावयाचे ते फार नाही. नोंदणी संस्थेच्याच नावाने व्हावी. ई-मेल कोणा व्यक्तीचा नव्हे, तर पदाधिकारी बदलले तरी संस्थेकडेच राहील असा असावा. मात्र तो त्याच डोमेनवरचा नको, कारण नाव बंद पडले की तोही बंद पडतो. परवलीचे शब्द लखोट्यात बंद करून दोन विश्वस्तांकडे ठेवावेत. नूतनीकरणाची तारीख लेखापरीक्षणाच्या टिपणात लिहावी. डोमेन आणि होस्टिंग शक्यतो वेगळ्या ठिकाणी घ्यावे, म्हणजे एकाशी बिनसले तरी दुसरे हाती राहते. पहिल्या वर्षीच्या सवलतीला न भुलता दुसऱ्या वर्षीचा दर विचारावा. संकेतस्थळाची एक प्रत दर महिन्याला स्वतःकडे उतरवून घ्यावी.

हे काम तंत्रज्ञाचे नाही, विश्वस्ताचे आहे. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत प्रत्येक संस्थेत एकच प्रश्न विचारला जावा: आपल्या नावाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे? उत्तरादाखल सभागृहात शांतता पसरली, तर इतर विषय बाजूला ठेवून आधी हा निकाली काढावा.