डाल्टनला कसे विसरलात?



'कॉनरीनंतर बाँड संपला' हे पत्र वाचले. रॉजर मूरबद्दलची तक्रार मान्य. 'ऑक्टोपसी'त (१९८३) आपला विजय अमृतराज उदयपुरात रॅकेटने गुंडांना झोडपतो आणि बाँडसाहेब वेलीला लोंबकळत टारझनची आरोळी ठोकतात! पण गंभीर बाँड २००६ साली डॅनियल क्रेगने आणला, हे त्यातले विधान साफ चूक. 'लायसन्स टू किल'मध्ये (१९८९) टिमोथी डाल्टन मित्राच्या सुडापायी नोकरीवर पाणी सोडतो. शेवटी रक्ताने माखलेल्या हाताने मित्रानेच भेट दिलेला लायटर पेटवतो. दोनच चित्रपट मिळाले म्हणून त्याला वगळायचे? लेझनबीला तर एकच मिळाला, आणि तो (१९६९) कॉनरीच्या 'डायमंड्स आर फॉरएव्हर'पेक्षा कितीतरी सरस आहे. अलका टॉकीजला इंग्रजी सिनेमे पाहत वाढलेल्या पुणेकराला हे सांगावे लागावे?

— एक वाचक, नारायण पेठ, पुणे