घटनेचं बारसं कोण करतं?

संस्थेत काही घडलं की आधी घटना, मग चौकशी आणि शेवटी निष्कर्ष असा क्रम आपण गृहीत धरतो. कायदाही तेच धरून चालतो. प्रत्यक्षात चौकशी बसायच्या आधीच घटनेचं बारसं उरकलेलं असतं आणि चौकशी बहुतेक वेळा त्या ठेवलेल्या नावाचीच होते. स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपण या बारशाकडे पुरेसं लक्ष देत नाही, असं मला वाटतं.

मी खानदेशातल्या काही कार्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. तक्रारीचा कागद माझ्या हातात येतो तोवर चहाच्या टपरीवर आणि साहेबांच्या केबिनमध्ये बोलणं होऊन गेलेलं असतं. ‘त्या दोघांचं आधीपासूनच काहीतरी होतं.’ ‘बदलीचा राग काढतेय.’ ‘बाई जरा तापटच आहे.’ मग साक्षीला आलेला माणूस काय पाहिलं ते सांगत नाही, काय ठरलंय ते सांगतो. दरवेळी तो खोटं बोलत असतो असंही नाही. पाच दिवस जे बोललं गेलं, तेच आता त्याला पाहिल्यासारखं आठवतं.

कार्ल वाइक या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ साली याच विषयावर ‘सेन्समेकिंग इन ऑर्गनायझेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साध्या भाषेत असं, की माणसं आधी अर्थ समजून घेऊन मग वागत नाहीत. वागून, बोलून झाल्यावर मागे वळून अर्थ लावतात, आणि तो एकमेकांशी बोलता बोलता लावतात. त्याने दिलेलं एक उदाहरण आपल्या कामातलं आहे. १९४६ मध्ये अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी तान्ह्या मुलांच्या मोडलेल्या हाडांबद्दल लिहिलं. कारण कळत नव्हतं. आईबाप मारत असतील ही गोष्ट डॉक्टरांच्या मनात बसतच नव्हती. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्याला ‘मार खाल्लेलं मूल’ अशा अर्थाचं नाव दिलं. मग काही वर्षांतच तिथल्या राज्यांनी अशी प्रकरणं कळवण्याचे कायदे केले. मधल्या सोळा वर्षांत हाडं मोडतच होती. क्ष-किरणात ती दिसतही होती, पण त्यांना नाव नव्हतं.

आता आपल्या जळगावकडे येऊ. १९९४ मध्ये इथे मुलींना आणि बायकांना फसवून, छायाचित्रांचा धाक दाखवून त्यांच्यावर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. राजकीय लागेबांधे असलेल्यांची नावं घेतली गेली. वृत्तपत्रांनी या सगळ्याला नाव दिलं ‘वासनाकांड’, नाहीतर ‘सेक्स स्कँडल’. हे नाव नीट ऐका. त्यात धाक नाही, धमकी नाही, खंडणी नाही. आहे ती वासना, आणि ती कुणाची हे मोघमच. स्कँडल म्हणजे आपल्या भाषेत लफडं, आणि लफड्यात दोघंही सामील असतात. असं नाव एकदा पडल्यावर कुठली आईबाप मुलीला साक्षीला उभी करतील? पुष्कळजणी पुढे आल्याच नाहीत आणि अनेक आरोपी सुटले. याला एकटं नाव कारणीभूत होतं असं मी म्हणत नाही. पण तोंडं बंद करण्यात त्याचा वाटा होता. आजही जिल्ह्याबाहेर ‘मी जळगावची’ म्हटलं की एखादा त्याच शब्दाने ओळख पटवतो.

उलट उदाहरण राजस्थानचं. भंवरीदेवी ही तिथल्या सरकारी महिला विकास कार्यक्रमातली साथिन. बालविवाह थांबवायला गेली म्हणून १९९२ मध्ये भटेरी गावात तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. गावाने आणि यंत्रणेने याला जातीचं वैर, गावचं भांडण म्हणून बघितलं. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून आरोपींना सोडलं. पण स्त्री-संघटनांनी वेगळा शब्द लावून धरला : ती कामावर होती, कामामुळे तिच्यावर हल्ला झाला. या अर्थाने त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यातून १९९७ चा विशाखा निर्णय आला आणि पुढे २०१३ चा कायदा. घटना तीच. भंवरीदेवीला स्वतःला न्याय मिळाला नाही, पण तिच्या घटनेला लावलेल्या अर्थाने देशभरातल्या कार्यालयांना समित्या नेमायला लावल्या.

आणि आता अलीकडचं, पुन्हा जळगावचंच. मार्च २०२१ मध्ये इथल्या आशादीप शासकीय महिला वसतिगृहाचा विषय विधानसभेत गाजला. तिथल्या महिलांना कपडे काढून नाचायला लावलं आणि त्यात पोलीस होते, असा आरोप झाला. खिडकीतून बाहेरच्यांशी बोलणाऱ्या एका महिलेची चित्रफीत फिरत होती. विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महिला अधिकाऱ्यांच्या समितीचा हवाला देऊन सभागृहात सांगितलं, की असा प्रकार घडलाच नाही. २० फेब्रुवारीला मनोरंजनाचा कार्यक्रम होता, गरबा चालला होता, त्रास झाला म्हणून एकीने अंगावरचा झगा काढला, आणि तिथे पुरुष पोलीस नव्हते.

समितीला दिसलं ते खोटं, असा माझा दावा नाही. माझं बोट दुसरीकडे आहे. एका दिवशी ती घटना ‘विवस्त्र नाच’ होती, दुसऱ्या दिवशी ‘गरबा’. दोन्ही नावं मुंबईत, सभागृहात ठेवली गेली. एका नावाचा उपयोग सरकारवर तुटून पडायला झाला, दुसऱ्याचा विषय मिटवायला. मिटल्यावर एक प्रश्न तसाच राहिला : वसतिगृहात राहणाऱ्या बाईला काही सांगायचं असेल तर तिला खिडकीशी का यावं लागतं? आत तिचं ऐकून लिहून घेणारं कुणी होतं का?

लिहून घेणं म्हणजे काय, तेही बघा. आमच्याकडे बाई अहिराणीत सांगते, ‘त्यानी मना हात धरा.’ इतिवृत्तात उतरतं, ‘सदर महिलेशी गैरवर्तन झाल्याचे तिचे म्हणणे आहे.’ तो गेला. हात गेला. धरणंही गेलं. उरलं ते ‘गैरवर्तन’, ज्यात मोठ्याने बोलण्यापासून काहीही बसतं. हा कागद वर जातो आणि वरचा साहेब म्हणतो, ‘गैरसमज दिसतोय, मिटवून टाका.’ त्याला दोष देण्याआधी कागद बघायला हवा. कागदावर तसंच होतं.

हे फक्त सरकारी कचेरीत होतं असं समजू नका. आपल्या संघटनांतही बाई दारात आली की तासाभरात तिची ‘केस’ होते. केस घरगुती हिंसाचाराची, केस पोटगीची. आपली खाती ठरलेली असतात आणि बाईचं बोलणं आपण खात्यात बसवतो. संस्थेअंतर्गत एखाद्या कार्यकर्त्याबद्दल तक्रार आली तर मग ‘चळवळीची बदनामी’ हे नाव तयारच असतं.

म्हणून माझं म्हणणं असं. अंतर्गत समित्यांनी ९० दिवसांत चौकशी संपवायची आहे, पण अर्थ पहिल्या आठवड्यातच ठरतो. आपलं खरं काम त्या आठवड्यात आहे. बाईचं सांगणं तिच्या बोलीत, कर्त्यासकट लिहून घ्या. कुणी काय केलं हे वाक्यातून गळू देऊ नका. तिला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करणं समितीवर कायद्यानेच बंधनकारक आहे, हे ठासून सांगा. लिहिलेलं तिला वाचून दाखवा. ‘नाही, असं नव्हतं’ असं ती म्हणाली तर ते बदला. साक्षीदारांना एकत्र गप्पा मारून झाल्यावर नव्हे, शक्य तितक्या लवकर आणि वेगवेगळं भेटा. कुणी ‘प्रकरण’, ‘गैरसमज’, ‘लफडं’ म्हणालं की तिथल्या तिथे विचारा, म्हणजे नेमकं काय झालं? आपल्या अहिराणीत हा प्रश्न फार चांगला आहे : काय व्हयनं? तो पुन्हा पुन्हा विचारायला लाजू नका.

तिचं नाव गुप्त राहिलंच पाहिजे, कायदाही तेच सांगतो. पण तिचं नाव झाकताना तिने घटनेला दिलेलं नाव झाकलं जाऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.

तुमच्या गटात इतिवृत्त कोण लिहितं, आणि जिच्याबद्दल लिहिलं तिला ते वाचून दाखवतात का, हे पुढच्या अंकासाठी जरूर कळवा.