तबकातलं कुंकू कुणासाठी?

श्रावण पौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार जवळ आला, की बंगळूरच्या पूर्व टोकाला असलेल्या के. आर. पुरममध्ये रस्त्याच्या कडेला केळीचे खुंट उभे राहतात. त्यांच्या शेजारी आंब्याच्या डहाळ्या, कमळं, शेवंतीच्या माळा आणि अबोलीचे गजरे. अबोलीचा भाव विचारून गृहिणी एकदा पुढे जाते, आणि पुन्हा मागे येते. वरमहालक्ष्मीला अबोली नाही म्हणजे काय! (नवखी मराठी माणसं के. आर. पुरम आणि के. आर. मार्केट यांत हमखास घोटाळा करतात. फुलांच्या घाऊक बाजाराचं के. आर. मार्केट शहराच्या जुन्या भागात आहे. हे कृष्णराजपुरम, जुन्या मद्रास रस्त्यावरचं.)

१९४८ साली टेलिफोन बनवणारा आय. टी. आय.चा सरकारी कारखाना याच भागात सुरू झाला. पुढे व्हाइटफील्डला संगणक कंपन्या आल्या आणि २०२३ मध्ये मेट्रो. नोकरीसाठी देशभरातून माणसं इथे येऊन राहिली, त्यांत मराठीही आली. नातवंडं झाली, की मागोमाग गावाकडून आईवडील येतात. वडील नसले तर एकटी आई येते.

असंच एक घर डोळ्यांसमोर आणा. तिसरा मजला, समोरासमोर दोन दारं. समोरच्या कानडी घरात गुरुवारी रात्रीपासून लगबग सुरू असते. कलश तांदळानं भरायचा, काठाशी आंब्याची पानं लावायची, वर हळद माखलेला नारळ. नारळाला चांदीचा मुखवटा, मागे फुलांची वेणी. खरी कसोटी साडीची! काठीला आडवी पट्टी बांधून तिच्यावर निऱ्या बसवायच्या, त्याही अशा, की लक्ष्मी खरोखरच मांडी घालून बसल्यासारखी दिसावी. पुढ्यात फळं, नाणी, घरातले दागिने. हल्ली काही घरांत कोऱ्या नोटांचे पंखे करून लावतात. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपल्याकडेही कलशाला मुखवटा आणि साडी आलीच आहे, तेव्हा नाकं मुरडण्याचं कारण नाही. पूजा झाली, की नऊ गाठींचा पिवळा दोरा मनगटाला बांधतात. नैवेद्याला ओब्बट्टू, म्हणजे आपली पुरणपोळीच.

संध्याकाळी शेजारीण दारात येते. “अरिशिन-कुंकुमक्के बन्नी!” हळदीकुंकवाला या. मराठी सून साडी नेसून तयार होते आणि आत डोकावते.

“आई, तुम्हीपण चला ना.”

“तू जाऊन ये गं. मी बघते बाळाकडे.”

बाळ तर झोपलेलं असतं. पण सून आग्रह करत नाही, कारण तिथे काय होईल ते तिलाही ठाऊक नसतं. तबक सगळ्यांपुढे फिरेल, आईंपाशी येऊन क्षणभर थांबेल आणि पुढे सरकेल, ही धास्ती दोघींच्याही मनात असते. आईंना कुणी ‘येऊ नका’ म्हटलेलं नसतं. म्हणायची वेळच येऊ नये, अशी सवय त्यांनी स्वतःला लावून घेतलेली असते. समोरच्या घरातही पुष्कळदा तेच चित्र असतं. देवीच्या गळ्यातला हार सकाळपासून बसून गुंफणारी एखादी म्हातारी आई पाहुण्या येताच स्वयंपाकघराच्या दाराआड गेलेली असते. मधल्या चार पावलांत लगबगीनं ये-जा चाललेली, आणि दोन्ही टोकांना दोघी आत बसलेल्या.

गंमत अशी, की तोच शुक्रवार महाराष्ट्रात जिवतीचा असतो. २०२५ साली ८ ऑगस्टला दोन्ही एकाच दिवशी आले होते. जिवतीचा कागद भिंतीवर लावायचा, त्यातल्या नरसिंहाला, कालियावरच्या कृष्णाला, लेकरं घेतलेल्या जिवतीला गंधफूल वाहायचं आणि पुरणाच्या दिव्यांनी मुलांचं औक्षण करायचं. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. एक दिशा त्याची असणारच. बऱ्याच घरांत नवरा गेल्यावरही हे औक्षण आई सोडत नाही. मुलाला आयुष्य मागायला सकाळी जो हात चालतो, तो संध्याकाळी कुंकू घ्यायला का चालू नये? याला उत्तर म्हणून ‘रीत आहे’ एवढंच ऐकायला मिळतं.

रीत म्हणायची, तर व्रताची कथाच उघडून पाहावी. वरमहालक्ष्मीच्या कथेत कुंडिननगरातली चारुमती आहे. (कुंडिनपूर म्हटलं, की वऱ्हाडातल्या वाचकांना रुक्मिणीचं माहेर आठवेल, कथा मात्र हे नगर मगधात सांगते.) ही चारुमती नवऱ्याबरोबर सासूसासऱ्यांचीही मनापासून सेवा करणारी. म्हणून लक्ष्मी प्रसन्न होते, स्वप्नात येऊन पूजा सांगते, आणि चारुमती ते स्वप्न आधी घरच्यांनाच सांगते. म्हणजे जिच्या घरी देवी आली, तिची पुण्याई होती घरातल्या थोरांना जपण्याची. कथा वाचून संपते, दोरा बांधून होतो, आणि घरातली थोर बाई आत ओट्यापाशी उभी!

आपली शुक्रवारची कहाणी तर याहून रोखठोक आहे. श्रीमंत भाऊ गावजेवण घालतो, पण गरीब बहिणीला बोलावत नाही. ती मुलांना घेऊन आपणहून जाते, तर पंक्तीतून हाताला धरून उठवतो. पुढे तिला लक्ष्मी प्रसन्न होते, तेव्हा तोच भाऊ सन्मानानं जेवायला बोलावतो. बहीण अंगावरचे दागिने, शालू उतरवून पाटावर ठेवते आणि जिलबी, लाडू त्यांच्यावर वाढते. जेवण ज्यांचं, त्यांना ते देते. श्रावणात ही कहाणी ऐकत पिढ्या मोठ्या झाल्या. नोटांचे पंखे आणि भरजरी साडी नेसलेला कलश पाहताना ती आठवायला हरकत नाही.

बदल होत नाही असंही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला, की नवऱ्याच्या निधनानंतर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. पंधरा दिवसांच्या आत, १७ मे रोजी, राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. कर्नाटकातही मंगळूरच्या कुद्रोळी गोकर्णनाथ मंदिरात २०१३ साली दोन विधवा स्त्रियांना पुजारी म्हणून नेमलं गेलं. नारायण गुरूंनी स्थापन केलेलं हे देऊळ. तिथे त्यांच्या हातची पूजा देवाला चालते. अडतं ते आपल्या दिवाणखान्यात.

परिपत्रक तिसऱ्या मजल्यावर पोचत नाही, हेही खरंच. तिथे सुनेलाच काहीतरी करावं लागतं, आणि ते चारचौघींत नाट्य करून साधत नाही. वर्षानुवर्षं मागे राहिलेल्या बाईच्या कपाळाला पाहुण्यांसमोर एकदम बोट लावलं, तर ती आनंदण्याऐवजी भेदरेल. आधी विचारावं. काहींना कुंकू नकोच असतं. त्यांनी मनानं ठरवलेलं असेल, तर त्याचाही मान राहावा. पण ‘लोक काय म्हणतील’ एवढंच कारण असेल, तर बोलणं पुढे न्यावं. सुरुवात स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवापासून करावी: बोलावणं करतानाच शेजारणीला ‘तुमच्या आईंनाही घेऊन या’ म्हणावं, आणि पहिलं तबक आपल्या सासूबाईंपुढे धरावं. विडा, नारळ, ब्लाऊजपीस जे इतरांना, तेच त्यांनाही. फुलाला, अत्तराला नाही म्हणणाऱ्या फार थोड्या निघतात.

शेजारणीच्या घरी न्यायचं तर आदल्या दिवशी जाऊन सरळ विचारावं, “आईंना आणलं तर चालेल ना?” उत्तर ‘नाही’ असेल, तर निदान आईंपर्यंत ते पोचत नाही. आणि पुष्कळदा ती शेजारीणच गप्प होऊन आतल्या दाराकडे पाहते, कारण तिचीही आई तिथेच बसलेली असते, मांडीवर ओलं फडकं आणि त्यात उरलेली अबोली घेऊन.