ओळख नसताना दिलेले पाणी

परवा भर दुपारी नाशिकच्या एस. टी. स्थानकावर आमच्या नातीला उन्हाने घेरी आली. आम्ही गांगरून गेलो. शेजारच्या बाकावरची एक अनोळखी बाई धावली. पोरीला मांडीवर घेतले आणि आपली पाण्याची बाटलीच तिच्या तोंडाला लावली. नाव, गाव काही विचारले नाही. तेवढ्यात तिची गाडी निघून गेली. "जाऊ द्या, दुसरी येईल," म्हणाली.

गोष्ट एवढीशीच, पण आमचा सारा दिवस उजळला. आमच्या आजीला गावात पाणी मिळे ते ओंजळीत वरून ओतलेले. १९०१च्या सुमारास मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेल्या बाल भीमरावांना तर वाटेत कुणी पाणीच दिले नाही. जवळ डबा असून लेकरे उपाशी झोपली.

तहानलेल्या वाटसरूची काळजी घेणे मात्र या भूमीला जुनेच ठाऊक आहे. आपल्या त्रिरश्मीवरील दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. तापी, दमण अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या, असे त्यात कोरले आहे. त्याला सुमारे १९०० वर्षे झाली.

राजाच्या जावयाचे दान दगडावर राहिले. त्या बाईचे कोण लिहिणार? म्हणून आम्ही येथे लिहिले. तिचे आभार मानायचे राहूनच गेले. ते फेडण्यासाठी या उन्हाळ्यात दारात एक माठ भरून ठेवू या. पिणाऱ्याला नाव मात्र विचारायचे नाही.